हौसेची दोन दारं

डेट्रॉइटहून टोलेडोच्या दिशेने निघालं की अर्ध्या-पाऊण तासात फ्लॅट रॉक लागतं. गाव लहानसंच. पण तिथे एक कारखाना आहे, आणि गाड्यांवर जीव असणाऱ्याने तो निदान बाहेरून तरी पाहावा असं मला वाटतं. माझदाने १९८७ साली इथे गाड्या बनवायला सुरुवात केली. पुढे फोर्ड अर्धी भागीदार झाली आणि २०१२ मध्ये माझदाने इथून गाशा गुंडाळल्यावर कारखाना फोर्डकडे राहिला. माझदा एमएक्स-६, फोर्ड प्रोब, मर्क्युरी कूगर आणि २००४ पासून मस्टँग, सगळ्या इथल्याच. मधूनमधून सेडानही, म्हणजे चार दारांच्या घरगुती गाड्याही निघाल्या, पण माझ्या मनात या कारखान्याची ओळख एकच. दोन दारांच्या, मागे उतरत्या छपराच्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या माणसाला हप्त्यावर घेता येतील अशा गाड्यांचं, म्हणजे स्वस्त कूपेंचं, हे माहेर.

त्यातली आता मस्टँग तेवढी उरली आहे. तिची जन्माची प्रतिस्पर्धी शेव्हरले कॅमारो इथून दीड तासावर लान्सिंगला बनायची. ती २०२४ च्या मॉडेलनंतर बंद झाली. डॉज चॅलेंजर कॅनडात, ब्रॅम्प्टनला बनायची. ती डिसेंबर २०२३ मध्ये थांबली. म्हणजे अमेरिकन कंपनीची, सामान्य पगारातली, दोन दारांची स्पोर्टी गाडी म्हटली तर मस्टँगवर यादी सुरू होते आणि तिथेच संपते. आणि मस्टँगचंही काय? १९६६ च्या मॉडेल-वर्षात सहा लाखांवर बनल्या होत्या. २०१५ मध्ये अमेरिकेत सव्वा लाखाच्या जवळपास विकल्या गेल्या. २०२४ मध्ये ४४ हजार.

मी गेली बरीच वर्षं डेट्रॉइटच्या परिसरात गाड्यांच्या सीटवर काम करते. त्यामुळे ही घसरण मी आधी आकड्यांत पाहिली नाही, ड्रॉइंग्जमध्ये पाहिली. एकेक करून दोन दारांच्या गाड्यांची कामं यायची थांबली. त्याबद्दल मला वाईट वाटतं, आणि का वाटतं ते नीट मांडावं असं बरेच दिवस मनात होतं.

मस्टँगची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. किंमत २,३६८ डॉलर, म्हणजे आजच्या पैशात साडेचोवीस हजारांच्या घरात. पहिल्याच दिवशी बावीस हजारांवर मागण्या आल्या, वर्षभरात चार लाखांवर गाड्या गेल्या आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत दहा लाखांचा टप्पा ओलांडला. मला त्यातली सर्वांत आवडणारी हकीकत या सगळ्याच्या दोन दिवस आधीची आहे. शिकागोत एक २२ वर्षांची शाळामास्तरीण शोरूममध्ये उघड्या छपराची गाडी बघायला गेली. बाहेर मनासारखं काही दिसेना, तेव्हा विक्रेत्याने तिला मागच्या बाजूला नेऊन ताडपत्री बाजूला केली. खाली फिकट निळी मस्टँग. अजून विकायला काढायची नव्हती, तरी तिने ती तिथल्या तिथे घेतली. अमेरिकेत ग्राहकाच्या हाती गेलेली ती पहिली मस्टँग मानतात, आणि ती पुढे कित्येक दशकं तिच्याच घरात राहिली.

घेणारी कोण होती ते बघा. कारखानदाराची मुलगी नाही, शर्यतीत गाडी पळवणारी नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली शिक्षिका. तिला कुणी विचारलं नाही की बाई, एवढी कशाला? मुलांना शाळेत सोडायला नाही, सामान वाहायला नाही, शेतावर न्यायला नाही. आवडली म्हणून घेतली. सामान्य माणसाला नुसतं ‘आवडली म्हणून’ इतकी मोठी वस्तू घेता येणं, ही मला गेल्या शतकातली फार मोठी गोष्ट वाटते. श्रीमंतांना हौस करायची मुभा कायमच होती.

हे जमलं कसं, ते मस्टँगमागचे फोर्डचे अधिकारी ली आयकोका आणि त्यांच्या माणसांच्या हिशेबात आहे. मस्टँगच्या देखण्या पत्र्याखाली फाल्कन होती. फाल्कन म्हणजे फोर्डची साधी, काटकसरी, घरगुती गाडी. इंजिन, सस्पेन्शन, खालचा सांगाडा, बरंचसं तिचंच. त्याचा खर्च फाल्कनने आधीच उचललेला होता. जगभर हाच मार्ग झाला. युरोपात १९६९ ला फोर्ड कॅप्री आली ती कॉर्टिनाच्या जिवावर. १९८६ पर्यंत जवळजवळ एकोणीस लाख बनल्या. टोयोटा सेलिकाच्या पोटात करिना, फोक्सवागन शिरोकोच्या पोटात गोल्फ, ओपेल कॅलिब्राच्या पोटात व्हेक्ट्रा, फोर्ड प्यूमाच्या पोटात फिएस्टा, प्रोबच्या पोटात माझदा ६२६. एकत्र कुटुंबात थोरला दुकान सांभाळतो म्हणून धाकट्याला गाणं शिकायला मिळतं, तसं हे नातं होतं. दुकान आहे तोवर गाणं आहे.

आणि दुकानच बंद झालं. एप्रिल २०१८ मध्ये फोर्डने जाहीर केलं की उत्तर अमेरिकेत मस्टँग सोडून सेडान वगैरे आता नाहीत. फ्युजन गेली, फोकस गेली, फिएस्टा गेली. इतर कंपन्यांनी कुणी आधी, कुणी नंतर, कमी-अधिक तोच रस्ता धरला. सेडानची जागा एसयूव्ही आणि क्रॉसओव्हरने, म्हणजे एसयूव्हीसारख्या दिसणाऱ्या उंच घरगुती गाड्यांनी घेतली. क्रॉसओव्हरच्या सांगाड्यावर बुटकी, हलकी कूपे बसवणं सोपं नसतं. तिची उंची, तिचं वजन, तिची बैठक, सगळंच आधीपासून वेगळं ठरलेलं असतं.

तरी नुसतं तेवढंच कारण म्हटलं तर ते अर्धवट होईल. होंडा सिव्हिक सेडान आजही जोरात खपते, पण सिव्हिक कूपे २०२० नंतर बंद केली. थोरला घरात असूनही धाकट्याला शिकवणं परवडेनासं झालं.

ते का, हे मला माझ्या कामातून सांगता येईल.

दोन दारांच्या गाडीत पुढच्या सीटला एक जादा काम असतं, वाट सोडण्याचं. पाठीच्या वरच्या बाहेरच्या कोपऱ्यावर एक खटका असतो. तो ओढला की दोन गोष्टी एकाच वेळी व्हाव्या लागतात. पाठ पुढे कलते, आणि खालच्या दोन्ही रुळांची कुलपं सुटून अख्खी सीट पुढे सरकते. खटक्यापासून रुळांपर्यंत सीटच्या पाठीतून एक केबल जाते, सायकलच्या ब्रेकला असते तशीच, कवचातून सरकणारी तार. ती किंचित जरी सैल राहिली तरी एका बाजूचं कुलूप आधी सुटतं, दुसऱ्या बाजूचं मागाहून, आणि सीट तिरकी होऊन अडकते. मागचा माणूस आत गेला की सीट मागे ढकलायची. चांगल्या यंत्रणेत ती आधी जिथे होती त्याच दातावर येऊन बसते. स्वस्तात ती सोय नसायची. मग चालवणाऱ्याला दर वेळी आपली जागा पुन्हा शोधावी लागे. आणि हे सगळं हातात हलकं लागलं पाहिजे, पण धडकेत तीच पाठ आणि तीच कुलपं घट्ट धरली पाहिजेत. दोन उलट मागण्या एकाच खटक्याकडून. माझ्या सुरुवातीच्या काळात या यंत्रणेवर काम करताना मी तासन्‌तास तो खटका ओढत बसायचे. बोटाला किती जोर लागतो, ‘टक्‌’ आवाज एक येतो की दोन, यावर बैठका व्हायच्या.

आता दाराकडे बघा. दोन दारांच्या गाडीचं दार लांब असतं, कारण मागच्यांनाही तिथूनच जायचं. लांब म्हणजे जड, जड म्हणून बिजागऱ्या आणि त्यांच्यामागचा पत्रा दणकट. नाहीतर काही वर्षांत दार खाली झुकतं आणि लावताना जरा उचलावं लागतं. जुन्या कूपे वापरलेल्या प्रत्येकाच्या हाताला ती सवय असते. मधला खांब मागे गेल्यामुळे सीटबेल्टचा पट्टाही मागे जातो. बसल्यावर तो ओढायला खांद्यावरून पार मागे वळावं लागतं. म्हणून सीटच्या खांद्यावर पट्टा अडकवायला एक वेगळी कडी. बाजूचा अख्खा पत्रा वेगळा, त्याचे प्रेसमधले साचे वेगळे, काच वेगळी, धडकेच्या चाचण्या पुन्हा. सेडान आणि कूपे बाहेरून बहिणी दिसल्या तरी इतकं सगळं कूपेसाठी निराळं करावं लागतं आणि त्याचा खर्च मूठभर गाड्यांवर पसरतो. वर या गाड्यांची एक रीत ठरलेली. पहिली दोन वर्षं तुटून पडतात लोक, मग नवी दिसेनाशी झाली की खप उतरतो. तेवढेच पैसे क्रॉसओव्हरवर लावले तर ती वर्षानुवर्षं खपते, आणि एका गाडीमागे नफाही जास्त देते. कंपनीच्या हिशेबनीसाच्या जागी मी असते तर मलाही दुसरं काही सुचलं असतं की नाही, सांगता येत नाही.

मी स्वतः इकडे आले नव्वदच्या दशकाच्या शेवटाला, एमएस करायला. असिस्टंटशिपच्या पैशातून साठवून पहिली गाडी घेतली ती वापरलेली फोर्ड प्रोब. फ्लॅट रॉकलाच बनलेली, लाल, पाच गिअरची. मैत्रिणींनी समजावलं होतं, कॉरोला घे, कधी दगा देत नाही. मी चिंचवडची. बाबा टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये. घरात स्कूटरवर चौघं बसून सिनेमाला गेलेली माणसं आम्ही. ‘गरजेपुरतं’ हा आमच्या घराचा नियम होता आणि त्यात कमीपणा कधी वाटला नाही. पण त्या लाल गाडीसमोर उभं राहिल्यावर मला पहिल्यांदाच गरजेच्या पलीकडचं काहीतरी हवंसं झालं, आणि खिशातल्या पैशात ते बसत होतं.

प्रोबची कुळकथा मजेशीर आहे. ऐंशीच्या दशकात फोर्डच्या मनात होतं की हीच पुढची मस्टँग करायची, जपानी सांगाड्यावरची, पुढच्या चाकांना जोर देणारी. बातमी फुटली आणि मस्टँगच्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला. शेवटी जुनी मस्टँग राहिली आणि ही वेगळ्या नावाने आली. तिचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये झाकलेले असत. संध्याकाळी बटण दाबलं की मोटारचा बारीक घरघर आवाज होऊन दोन्ही पापण्या वर येत. थंडीत त्यांच्या फटीत बर्फ गोठला की आधी हाताने मोकळं करावं लागे. तसे उघडझाप करणारे दिवे २००४ नंतर कुठल्या मोठ्या कंपनीच्या गाडीवर आले नाहीत.

त्या गाडीने मला मिशिगन दाखवलं. मॅकिनॉचा पूल ओलांडून वरच्या द्वीपकल्पात जायचं, तिथून पश्चिमेला, आणि मग कीविनॉच्या टोकाला कॉपर हार्बर. हायवे ४१ चा शेवटचा तुकडा झाडांच्या बोगद्यातून वळणं घेत जातो. बुटक्या गाडीत बसून त्या रस्त्याने जाणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. जमिनीपासून वीतभर उंचीवर आपण बसलेलो असतो. वळण आधी पाठीला कळतं, मग डोळ्यांना. तिसऱ्या गिअरमध्ये टाकून वळणात शिरायचं आणि बाहेर पडताना हलकेच पाय दाबायचा. वेग फार नसतो. साठ-सत्तर किलोमीटरला हे सगळं सुख मिळतं. पाचशे घोड्यांच्या गाडीत तेवढ्या वेगाला काहीच वाटत नाही. लहान इंजिनाच्या हलक्या गाडीत माणूस त्या गाडीला पुरतो आणि गाडी माणसाला पुरते. स्वस्त कूपेचं मोठेपण माझ्या मते इथे आहे. कायदा मोडल्याशिवाय, पैसा उधळल्याशिवाय ती चालवण्याचा आनंद द्यायची.

मग आई-बाबा इकडे आले. बाबा पुढे बसले आणि आई मागे. तिच्या गुडघ्यांनी त्या वर्षी नुकतीच कुरकूर सुरू केली होती. आत जाताना कशीबशी गेली, पण उतरताना मी हात धरून ओढायचे, बाबा दार धरून उभे, आणि तिला कुठे टेकायचं तेच कळेना. तिने तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवसापासून ‘तुम्ही जाऊन या, मी घरी बसते’ म्हणू लागली. पुढे मुलगी झाली. जानेवारीतली मिशिगनची थंडी, अंगावर जाड कोट, पुढची सीट पुढे ढकललेली, आणि त्या फटीतून कमरेत वाकून, हातावर झोपलेलं मूल घेऊन मागच्या बेबी सीटमध्ये ठेवायचं. पट्ट्याची दोन टोकं न दिसता जुळवायची. ज्या खटक्यावर मी ऑफिसात दिवस घालवले तो किती लोकांना किती कमी पडत असेल, ते तेव्हा माझ्या पाठीने मला शिकवलं. प्रोब विकली. चार दारांची गाडी आली. घेणारा कॉलेजचा मुलगा होता. त्याने दिवे चार-पाच वेळा उघडून मिटवून पाहिले आणि लगेच पैसे मोजले.

लोकांची आवड मेली म्हणून या गाड्या गेल्या असं जे म्हणतात, त्यांचं म्हणणं मला पटत नाही. आवड आहे. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते तेव्हा फर्नडेलपासून पाँटिअॅकपर्यंत फुटपाथवर खुर्च्या टाकून लोक बसतात, आणि त्यात विशी-पंचविशीतली पोरं भरपूर असतात. बदललं आहे ते जगणं. पूर्वी घरात एक मोठी गाडी आणि तरुणाची एक वेगळी असायची. आता एकाच गाडीने ऑफिसला जायचं, कुत्र्याला न्यायचं, बर्फात चालायचं, आईला दवाखान्यात न्यायचं, आणि सात-आठ वर्षं टिकायचं, कारण कर्जाचे हप्तेच तेवढे लांब.

किमतीचा दोष मात्र सरसकट देता येत नाही. माझदा मियाटा ही दोन सीटची, उघड्या छपराची गाडी १९८९ ला आली तेव्हा १३,८०० डॉलरला होती. महागाई धरली तर ते आजचे पस्तीस हजारांच्या वर जातात. आजची मियाटा तीस हजारांच्या आसपास सुरू होते, जास्त सुरक्षित, जास्त जोरदार, आणि वजनात फारशी वाढलेली नाही. म्हणजे हिशेबाने ती स्वस्त झाली आहे! जपानी इंजिनिअरांनी हे कसं साधलं याचं मला मनापासून कौतुक आहे. पण त्याच काळात घरभाडं, कॉलेजचं कर्ज, विमा यांनी पंचविशीतल्या माणसाचा पगार आधीच खाल्लेला असतो. अमेरिकेत नव्या गाडीची सरासरी किंमत २०२५ मध्ये पन्नास हजार डॉलरच्या वर गेली. नवी गाडी घेणारा माणूस आता पन्नाशीच्या आसपासचा असतो, आणि पन्नाशीच्या माणसाला गाडीत उतरायचं नसतं, गाडीत शिरायचं असतं. सीटची उंची ठरवताना आम्ही बसलेल्या माणसाच्या खुब्याचा बिंदू धरतो, एच-पॉइंट म्हणतात त्याला. गेल्या वीस वर्षांत तो बिंदू जमिनीपासून वर-वर सरकताना मी पाहिला आहे. विजेच्या गाड्यांत तर बॅटरीच पायाखाली. तिने जमीन वर उचलली की माणूसही वर जातो, नाहीतर पाय लांब पसरून बसावं लागतं.

नियमांचाही हात आहे. अमेरिकेत इंधनाचे निकष गाडीच्या चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठरवले गेले. जितकी गाडी लहान तितकी तिच्याकडून जास्त मायलेजची अपेक्षा. आणि बऱ्याच एसयूव्ही ‘ट्रक’ म्हणून मोजल्या गेल्यामुळे त्यांना सूट जास्त. युरोपात २०२४ पासून नव्या गाड्यांना सुरक्षेच्या यंत्रणांची एक मोठी यादी सक्तीची झाली. टोयोटाची जीआर ८६ ही कूपे तिथे दोनच वर्षं विकली गेली, कारण त्या नियमांसाठी गाडीत मोठे बदल करणं कंपनीला परवडणारं नव्हतं. त्या यंत्रणांनी जीव वाचतात, मी त्यांच्या विरुद्ध नाही. धडकेच्या चाचण्यांचे व्हिडिओ पाहणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. पण ज्या गाडीच्या लाखो प्रती खपतात तिला हा खर्च दिसतही नाही, आणि थोड्या खपणारीचा त्यात श्वास कोंडतो.

एका गोष्टीचा मात्र मला राग येतो. गाड्या बंद केल्या तर केल्या, त्यांची नावं तरी ठेवायची होती. मिट्सुबिशी इक्लिप्स ही इलिनॉयमधल्या नॉर्मल गावात बनणारी देखणी कूपे. ती गेली, आणि २०१७ मध्ये ‘इक्लिप्स क्रॉस’ नावाची क्रॉसओव्हर आली. प्यूमा १९९७ ची चिमुकली कूपे; २०१९ पासून प्यूमा म्हणजे क्रॉसओव्हर. २०२४ मध्ये कॅप्री परत आली, चार दारांची, उंच, विजेवरची. मस्टँगचं नावही एका इलेक्ट्रिक क्रॉसओव्हरला लावून झालं. गाड्या म्हणून त्या वाईट नाहीत. काहींच्या सीट फार चांगल्या आहेत. पण ज्यांनी तरुणपणी ओव्हरटाइम करून कॅप्री घेतली त्यांच्या आठवणींवर हा हक्क कुणी दिला?

आमच्या पुण्याचंही असंच झालं. १९९१ ला टेल्कोने सिएरा काढली. दोनच दारं, आणि मागे छपरात वळलेल्या त्या मोठाल्या काचा. स्वस्त नव्हतीच, आणि ती काही बुटकी कूपेही नव्हती, पिकअपच्या सांगाड्यावरची गाडी होती. पण बाबा संध्याकाळी घरी येऊन त्या काचांबद्दल बोलायचे तेव्हा त्यांच्या आवाजात ट्रकबद्दल बोलताना नसायचं असं काहीतरी असायचं. ट्रकवर आमचं घर चालत होतं, सिएरावर त्यांचा जीव होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी सिएरा आली. काचांची ती ठेवण आठवण म्हणून राखली आहे, आणि दारं चार केली आहेत. २०१७ ला जिनिव्हाच्या प्रदर्शनात टाटांनी रेसमो नावाची दोन सीटची चिमुकली स्पोर्ट्‌स कार दाखवली होती, तेव्हा मी बाबांना फोटो पाठवला होता. ती बाजारात आलीच नाही. त्याआधी गोव्यात सॅन स्टॉर्म बनायची, फायबरच्या अंगाची, रेनोच्या लहानशा इंजिनाची, उघड्या छपराची. फार थोड्यांनी घेतली, पण ज्याने पाहिली तो विसरला नाही. आणि नाशिकची थार! भारतातल्या पोरांची दोन दारांची हौस खऱ्या अर्थाने कुणी भागवली असेल तर तिने. दहा लाखांच्या आसपास मिळणारी, कामापेक्षा आनंदासाठी घेतली जाणारी गाडी. तिलाही २०२४ च्या १५ ऑगस्टला पाच दारांची बहीण आली, रॉक्स. घरच्यांना पटवायला पोरांना ती सोपी जाते, हे मी भावाच्या घरात पाहिलं.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने फोन केला. तो आधी ओहायोत असायचा, तेव्हा नुकताच इकडे मिशिगनमध्ये अॅन आर्बरजवळ नोकरीला लागला. म्हणाला, “मावशी, पंचवीस हजारांत नवी टू-डोअर कुठली घेऊ?” मी एकही नाव सांगू शकले नाही. जीआर ८६ तीस हजारांच्या घरात, मियाटाही तिथेच, मस्टँग त्याच्याही वर. होंडाची प्रेल्यूड ही कूपे २००१ ला बंद झाली होती ती चोवीस वर्षांनी परत आली, हायब्रिड, सुरेख, आणि अमेरिकेत बेचाळीस हजार डॉलरची. मॅन्युअल गिअर नाहीतच. माझ्या विद्यार्थिदशेत प्रेल्यूड आमच्यातल्या कुणाला नवी परवडली नसती, पण जुनी होऊन आमच्यापर्यंत यायची. आज जी बनतच नाही ती जुनी होऊन कुणापर्यंत कशी येणार? ही खरी तूट दहा-पंधरा वर्षांनी दिसेल, आत्ताच्या शाळकरी मुलांना.

वाट अगदीच बंद आहे असं मी म्हणत नाही. जीआर ८६ टोयोटा आणि सुबारूने मिळून बनवली. खर्च वाटून घेतला, एकच गाडी दोन नावांनी विकली. २०१२ पासून ती टिकली आहे, २०२१ मध्ये नवी पिढीही आली. एका कंपनीला जे झेपत नाही ते दोघींना झेपतं, आणि पुढची स्वस्त कूपे येईल तर याच रीतीने येईल असं माझं मत आहे. चाळीस-पन्नास हजारांच्या प्रेल्यूडसारख्या गाड्या येत राहतील, त्यांना गिऱ्हाईकही मिळेल. पण त्या पोचलेल्या माणसांच्या गाड्या आहेत.

माझ्या टेबलावर हल्ली तीन रांगांच्या एसयूव्हींचं काम असतं. तिसऱ्या रांगेत जायला दुसऱ्या रांगेच्या सीटने वाट सोडावी लागते. तोच खटका, तीच केबल, रुळांची दोन कुलपं एकाच वेळी सुटायची तीच मारामार. हाताखालच्या नव्या मुलांना मी ते शिकवते तेव्हा हे मूळचं दोन दारांच्या गाड्यांतलं आहे असं आवर्जून सांगते. लहान मुलं झटपट चढतात, त्यामुळे तिथे त्याचं चांगलं चाललंय.

भाच्याला शेवटी वापरलेली सायन टीसी मिळाली. टोयोटाच्या सायन या ब्रँडची ही स्वस्त कूपे सुरुवातीला सोळा हजारांच्या आत मिळायची. २०१६ मध्ये तो ब्रँडच गुंडाळला. गाडी जुनी आहे, दार जरा उचलून लावावं लागतं, पण इंजिन शांत आहे आणि गिअर मॅन्युअल. क्लच त्याने कधी पाहिलाही नव्हता. रविवारी सकाळी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आमचा वर्ग भरतो. पहिला आणि दुसरा गिअर आता त्याला जमतो, गाडी बंद पडली की चिडत नाही. मिशिगन सपाट, त्यामुळे चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलायला शिकवायला जागा सापडत नव्हती. अॅन आर्बरच्या एका बहुमजली पार्किंगचा रॅम्प हेरून ठेवला आहे. येत्या रविवारी आठच्या आत, गर्दी व्हायच्या आधी तिथे जायचं ठरलंय.